‘जगातील सर्वांत जुनी मैत्री’ : एका दंतकथेचा हिशेब

(१/२६)
जगातील सर्वांत जुनी आणि आजही लागू असलेली मैत्री कोणत्या दोन राष्ट्रांची? प्रश्नमंजूषेतले ठरलेले उत्तर असे : इंग्लंड आणि पोर्तुगाल. १३७३ साली लंडनमध्ये पहिला तह, १३८६ साली विंडसरचा दुसरा तह आणि तेव्हापासून साडेसहाशे वर्षे अखंड मैत्री. २०२३ साली या मैत्रीची ६५० वर्षे दोन्ही देशांत साजरीही झाली. या उत्तरातील सन बरोबर आहेत, राष्ट्रांची नावेही बरोबर आहेत. ‘अखंड’ हा शब्द मात्र खोटा आहे. आणि ‘मैत्री’ या शब्दाआड जे दडले आहे, ते मराठी वाचकाने तरी डोळे उघडे ठेवून पाहिलेच पाहिजे. (धागा)

(२/२६)
मराठी वाचकानेच का? कारण या कराराची काही महत्त्वाची पाने कोकण किनाऱ्यावर लिहिली गेली. मुंबई बेट इंग्रजांच्या हाती गेले ते याच मैत्रीतील एका तहाच्या कलमाने. चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला तेव्हा या मैत्रीची कसोटी लागली. १९६१ साली गोवा मुक्त होत असताना लिस्बनने लंडनसमोर हाच जुना कागद धरला. प्रस्तुत धाग्याचे प्रतिपादन एवढेच की, हा करार निष्ठेच्या बळावर टिकलेला नाही. तो सोयीप्रमाणे पाळता येत होता, सोयीप्रमाणे विसरता येत होता आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ज्यांची त्यावर सही नव्हती अशा तिसऱ्यांनी मोजली, म्हणून तो टिकला.

(३/२६)
आरंभापासून पाहिले पाहिजे, आणि आरंभाला न्याय दिला पाहिजे. १६ जून १३७३ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये इंग्लंडचा तिसरा एडवर्ड आणि पोर्तुगालचा राजा फर्नांदो यांच्यात तह झाला. शतवार्षिक युद्ध चालू होते. कॅस्टिलचे राज्य फ्रान्सच्या बाजूला होते. फ्रान्स इंग्लंडचा शत्रू, कॅस्टिल पोर्तुगालचा धाकदपटशा करणारा शेजारी. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोताच्या रणांगणावर पोर्तुगालने कॅस्टिलचा पराभव केला, तेव्हा इंग्रज धनुर्धारी पोर्तुगीजांच्या बाजूने लढले. ९ मे १३८६ रोजी विंडसरचा तह झाला. पुढच्याच वर्षी जॉन ऑफ गाँट याची कन्या फिलिपा राजा पहिला जुआंव याची राणी झाली.

(४/२६)
या पहिल्या पर्वात फसवणूक नाही. जॉन ऑफ गाँटला पत्नीच्या वारशाने कॅस्टिलची गादी हवी होती; जुआंवला स्वतःची गादी टिकवायची होती. दोघांची गरज एकमेकांत नीट बसली. तहाची भाषा शाश्वत स्नेहाची होती, पण त्या भाषेला वजन दिले ते तात्कालिक गरजेने. फिलिपा आणि जुआंव यांचा एक पुत्र म्हणजे ‘नाविक’ म्हणून ओळखला जाणारा हेन्री. १४१५ साली पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता जिंकले आणि त्यांच्या सागरी साम्राज्याला प्रारंभ झाला. दोन राजघराण्यांच्या सोयरिकीचे पडसाद पुढे जगभर उमटणार होते.

(५/२६)
आता ‘अखंड’ या शब्दाची पहिली परीक्षा. १५८० साली स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगालचा मुकुट मिळवला. पुढची साठ वर्षे, १६४० पर्यंत, दोन्ही मुकुट एकाच मस्तकावर होते. १५८८ साली इंग्लंडवर चालून गेलेले प्रसिद्ध आरमार निघाले ते लिस्बनच्या बंदरातून, आणि त्यात पोर्तुगीज गलबतांची एक सबंध तुकडी होती. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी लिस्बनवर स्वारी केली. पोर्तुगाल तेव्हा स्वतंत्र नव्हता, असे मैत्रीचे वकील म्हणतील. म्हणणे मान्य. पण मग साडेसहाशेतून ही साठ वर्षे वजा करावीत आणि ‘अखंड’ हा शब्दही मागे घ्यावा.

(६/२६)
या साठ वर्षांत हिंदी महासागरात काय चालले होते? १६१२ साली सुरतेजवळ सुवालीच्या समुद्रात कॅप्टन थॉमस बेस्ट याच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगीज आरमाराशी झुंज दिली. त्या लढाईने मोगल दरबारात इंग्रजांची पत वाढली आणि सुरतेच्या वखारीचा पाया घातला गेला. १६२२ साली इंग्रज जहाजांच्या मदतीने इराणच्या शाह अब्बासने होर्मुझ पोर्तुगीजांकडून हिसकावले. १६३५ साली गोव्यात दोघांनी युद्धबंदी केली, कारण दोघांनाही आता डचांची अधिक भीती वाटू लागली होती. भारतातील इंग्रजी सत्तेची पहिली पायरी ‘जुन्या मित्रा’च्या छातीवर पाय ठेवूनच चढली गेली, ही गोष्ट वर्धापनाच्या भाषणांत सहसा येत नाही.

(७/२६)
१६४० साली पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारले. नव्या राजाला मान्यता हवी होती, तीही तातडीने. १६४२ साली इंग्लंडशी तह झाला. पुढे इंग्लंडात राजाचा शिरच्छेद होऊन प्रजासत्ताक आले आणि पोर्तुगालने पराभूत राजपक्षाच्या आरमाराला लिस्बनमध्ये आश्रय दिला. परिणामी १६५० साली इंग्रज सेनानी ब्लेक याने लिस्बनची नाकेबंदी करून ब्राझीलहून येणारी पोर्तुगीज जहाजे पकडली. १६५४ साली क्रॉमवेलने पोर्तुगालकडून जो तह घेतला, त्यात इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगालमध्ये आणि त्याच्या वसाहतींच्या व्यापारात भरघोस सवलती मिळाल्या. मैत्रीचे नूतनीकरण झाले खरे, पण यापुढे तिची किंमत लंडन ठरवणार होते.

(८/२६)
आता मुंबई. २३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि ब्रागांझा घराण्यातील कॅथरीन यांच्या विवाहाचा तह झाला. त्यानुसार चार्ल्सला वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतील टँजियर आणि ‘मुंबईचे बंदर व बेट’ मिळायचे होते. शाळेपासून ऐकलेली गोष्ट अशी की, मुंबई आंदण म्हणून दिली गेली. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. तहाच्या अकराव्या कलमात मुंबई देण्याचे कारण स्पष्ट नमूद केले आहे : इंग्लंडच्या राजाला पूर्वेकडील व्यापार वाढवता यावा आणि पोर्तुगीज प्रजेचे डचांपासून अधिक चांगल्या रीतीने रक्षण करता यावे. म्हणजे मुंबई हे संरक्षणाच्या हमीपोटी आगाऊ दिलेले मोल होते.

(९/२६)
त्याच तहाला एक गुप्त कलमही जोडलेले होते. पोर्तुगालच्या सर्व वसाहतींचे आणि जिंकलेल्या प्रदेशांचे सर्व शत्रूंपासून, मग ते आजचे असोत की उद्याचे, रक्षण करण्याचे वचन इंग्लंडच्या राजाने त्यात दिले. हे कलम नीट ध्यानात ठेवावे. पुढील तीनशे वर्षांची सारी कथा या एका वाक्याभोवती फिरते. ‘उद्याचे शत्रू’ या दोन शब्दांत पेशव्यांची फौज बसते, आफ्रिकेत उतरू पाहणारा जर्मनी बसतो आणि १९६१ चे भारतीय लष्करही बसते. वचनाचा अर्थ इतका सैल होता की, त्यात काहीही बसवता येत होते. आणि नेमके त्यामुळेच त्यातून काहीही वगळताही येत होते.

(१०/२६)
वचनाची पहिली परीक्षा दोन वर्षांतच झाली. जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोचीन पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले. इंग्लंडचे संरक्षण आले नाही. मुंबई ताब्यात घेण्यासाठी १६६२ साली आलेल्या इंग्रज आरमाराचा मात्र एकच तगादा होता : आधी बेट द्या. गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो द कास्त्रो याने हस्तांतरण शक्य तितके लांबवले. इंग्रज ज्या दिवशी मुंबईत स्थिरावतील, त्याच दिवशी पोर्तुगालचा हिंदुस्थान बुडेल, असे त्याने आपल्या राजाला कळवले. तिकडे ताबा घ्यायला आलेले इंग्रज सैनिक अंजदीव बेटावर वाट पाहत रोगराईने शेकड्यांनी मेले. त्यांचा सेनापती अब्राहम शिपमन हाही तेथेच वारला.

(११/२६)
अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये शिपमनचा सहायक हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला. १६६८ साली चार्ल्सने हे बेट वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. मित्राच्या रक्षणासाठी घेतलेला तळ सात वर्षांत एका व्यापारी कंपनीची मिळकत झाला. आणि त्या बेटावर राहणारे? कोळी, भंडारी, पाठारे प्रभू, ख्रिस्ती झालेले स्थानिक शेतकरी आणि आगरी यांना आपला धनी बदलला हे ताबा बदलल्यावरच कळले. तहाच्या मसुद्यात बंदर होते, बेट होते. माणसे होती ती केवळ त्या बेटाला चिकटून आलेली वस्तू म्हणून. त्यांची संमती घ्यावी, हा विचार त्या काळी दोन्ही दरबारांच्या स्वप्नातही नव्हता.

(१२/२६)
दुसरी परीक्षा मराठ्यांनी घेतली. १७३७ साली साष्टी घेतल्यानंतर १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांनी वसईला वेढा दिला. वसई म्हणजे उत्तर फिरंगाणाची राजधानी. पोर्तुगीजांच्या दृष्टीने गोव्याखालोखाल महत्त्वाचे ठाणे. गुप्त कलमातील ‘उद्याचे शत्रू’ दारात उभे होते, आणि वचन देणारे मित्र खाडीपलीकडे मुंबईत तोफा घेऊन बसले होते. वसईकर पोर्तुगीजांनी मदत मागितली. मुंबईच्या इंग्रजांनी वेढा उठवण्यासाठी फौज पाठवली नाही. त्यांनी कर्ज दिले. तेही चर्चमधील चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन.

(१३/२६)
मे १७३९ मध्ये वसई पडली. मराठ्यांच्या पराक्रमाचे हे सोनेरी पान आहेच. त्या पराक्रमाचे श्रेय इंग्रजांच्या निष्क्रियतेला देण्याचे काही कारण नाही. पण मैत्रीचा हिशेब मांडताना पुढची नोंद वगळता येत नाही. जुलै १७३९ मध्ये, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, कंपनीचा प्रतिनिधी कॅप्टन इंचबर्ड याने चिमाजी अप्पांशी तह करून पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवली. मित्राच्या देवघरातील चांदी गहाण, आणि मित्राच्या शत्रूशी व्यापारी करार. कंपनीच्या दृष्टीने हा शहाणपणा होता. मात्र ज्याला शहाणपणा म्हणायचे, त्याला त्याच दमात निष्ठा म्हणता येत नाही.

(१४/२६)
कोकणात हे घडत असताना युरोपात या मैत्रीचे सर्वांत फायदेशीर पर्व चालू झालेले होते. २७ डिसेंबर १७०३ रोजी मेथ्युएन तह झाला. इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली. बदल्यात पोर्तुगीज मद्यावर इंग्लंडात फ्रेंच मद्यापेक्षा एकतृतीयांश कमी जकात लागणार होती. १८१७ साली डेव्हिड रिकार्डोने तुलनात्मक लाभाचा सिद्धांत मांडताना उदाहरण घेतले ते इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालचे मद्य यांचेच. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही दोघांच्या समान लाभाचे उदाहरण म्हणून शिकवले जाते.

(१५/२६)
पाठ्यपुस्तकात एक गोष्ट सहसा नसते. मद्याच्या विक्रीतून कापडाची किंमत भागत नव्हती. तूट भरून निघे ती ब्राझीलच्या सोन्याने. मिनास जेराइसच्या खाणींतून निघालेले हे सोने लिस्बनमार्गे मोठ्या प्रमाणावर लंडनला वाहत गेले. ते सोने काढणारे हात आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांचे होते. इंग्रज गिरणदार आणि पोर्तुगीज मळेवाला यांच्यातील ‘परस्पर लाभ’ उभा होता तो अशा माणसांच्या पाठीवर, ज्यांना लंडन कोठे आहे हेही ठाऊक नव्हते. तिसऱ्याने किंमत मोजली म्हणजे काय, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण.

(१६/२६)
नेपोलियनच्या काळात इंग्लंड खरोखर धावून आले. नोव्हेंबर १८०७ मध्ये पोर्तुगीज राजघराणे ब्रिटिश आरमाराच्या पहाऱ्यात ब्राझीलला निघाले. पुढे वेलिंग्टनच्या सेनेने पोर्तुगीजांच्या साथीने फ्रेंचांना हुसकावले. ही मदत खरी होती. पण तिचे देयकही आले. १८१० च्या तहाने ब्राझीलमध्ये ब्रिटिश मालावर १५ टक्के जकात ठरली, जेव्हा खुद्द पोर्तुगालच्या मालावर १६ टक्के होती. लिस्बनमध्ये १८२० पर्यंत ब्रिटिश सेनानी बेरेसफर्ड याचा अंमल चालला. आणि याच युद्धांच्या काळात ब्रिटिश फौज संरक्षणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे गोव्यात तळ ठोकून होती. राखणदारानेच घरात बिछाना टाकला होता.

(१७/२६)
आफ्रिकेच्या वाटणीत तर मुखवटाही गळून पडला. अंगोला आणि मोझांबिक यांच्यामधला सारा पट्टा आपला असल्याचे पोर्तुगालने नकाशावर गुलाबी रंगाने दाखवले होते. ब्रिटनला तोच पट्टा हवा होता. ११ जानेवारी १८९० रोजी लंडनने लिस्बनला निर्वाणीचा खलिता धाडला : त्या प्रदेशातून सैन्य मागे घ्या. लिस्बनला झुकावे लागले, सरकार कोसळले, आणि संतप्त तरुणांनी महाकवी कामोंइशच्या पुतळ्यावर काळे कापड पांघरले. त्या संतापातून जन्मलेले गीत आज पोर्तुगालचे राष्ट्रगीत आहे. जगातील ‘सर्वांत जुन्या मित्रा’विरुद्धच्या रागातून राष्ट्रगीत निघावे, यापेक्षा बोलकी साक्ष कोणती हवी?

(१८/२६)
तरीही पोर्तुगालची बाजू घेण्याची घाई करू नये. दोघे भांडत होते ती भूमी दोघांचीही नव्हती. आजच्या मलावी, झाम्बिया आणि झिम्बाब्वेच्या लोकांची होती. पुढे तर अधिकच अजब घडले. ३० ऑगस्ट १८९८ रोजी ब्रिटनने जर्मनीशी गुप्त करार केला : पोर्तुगाल कर्जात बुडाला, तर त्याच्या वसाहती कशा वाटून घ्यायच्या. आणि १४ ऑक्टोबर १८९९ रोजी त्याच ब्रिटनने पोर्तुगालशी गुप्त करार करून १६६१ चे जुने वचन, म्हणजे वसाहतींच्या रक्षणाचे, पुन्हा दिले. कारण बोअर युद्ध पेटले होते आणि पोर्तुगीज बंदरातून बोअरांना शस्त्रे मिळू नयेत, ही ब्रिटनची निकड होती. वाटणीचा कागद एका खिशात, रक्षणाचा दुसऱ्या.

(१९/२६)
१९४३ हे वर्ष या मैत्रीचा आरसा आहे. त्या वर्षी मार्चमध्ये गोव्याच्या मुरगाव बंदरात ‘एहरेनफेल्स’ हे जर्मन जहाज आश्रयाला होते. पोर्तुगाल तटस्थ असल्याने बंदरही तटस्थ होते. कोलकात्याहून गुपचूप आलेल्या ब्रिटिश हौशी सैनिकांच्या तुकडीने रात्री त्यावर हल्ला केला आणि जहाज बुडाले. मित्राच्या बंदरात, मित्राच्या तटस्थतेचा भंग करून. ऑक्टोबरमध्ये त्याच ब्रिटनच्या पंतप्रधानांनी, चर्चिल यांनी, संसदेत १३७३ च्या तहाचा गौरवाने उल्लेख केला आणि पोर्तुगालने अझोर्स बेटांवर तळ दिल्याचे जाहीर केले. तह तोच, वर्ष तेच. मार्चमध्ये विस्मरण, ऑक्टोबरमध्ये स्मरण.

(२०/२६)
पोर्तुगालही या खेळात भाबडा नव्हता. हुकूमशहा सालाझार जून १९४४ पर्यंत जर्मनीला टंगस्टनचे खनिज विकत होता. शस्त्रनिर्मितीसाठी अत्यावश्यक असा हा धातू ब्रिटनच्या शत्रूला मिळत होता. आणि अझोर्सच्या बदल्यात सालाझारने मागितले काय? युद्धानंतर पोर्तुगालच्या वसाहतींवरील सार्वभौमत्व अबाधित राहील, ही हमी. ती मिळाली. म्हणजे अटलांटिकमधील विमानतळाचे मोल म्हणून गोवा, अंगोला आणि मोझांबिक येथील जनतेची गुलामगिरी लांबवण्याचे आश्वासन दिले गेले. लोकशाहीसाठी लढल्या जाणाऱ्या युद्धातील ही देवाणघेवाण होती. तीन वर्षांनी, १८ जून १९४६ रोजी, राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, तेव्हा आव्हान या आश्वासनालाही होते.

(२१/२६)
१५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही निःशस्त्र गोव्यात शिरले. त्यांत महाराष्ट्रातील अनेक होते. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक जण मारले गेले. सालाझारने चर्चेचे दार बंदच ठेवले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य सीमेवर जमू लागताच लिस्बनने लंडनला जुन्या तहाची आठवण करून दिली. लंडनचे उत्तर असे की, राष्ट्रकुलातील एका सदस्याविरुद्ध लष्करी मदत देता येणार नाही. १९ डिसेंबर रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने शरणागती पत्करली. आजचे आणि उद्याचे सर्व शत्रू, असे म्हणणारे वचन मांडवीच्या काठी निकालात निघाले.

(२२/२६)
यावर दोन परस्परविरोधी दंतकथा प्रचलित आहेत. पोर्तुगालमध्ये म्हटले गेले : ब्रिटनने विश्वासघात केला. काहींना वाटते : ब्रिटनने गोव्याच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. दोन्ही चूक. ब्रिटनला १९६१ साली लिस्बनपेक्षा दिल्लीशी बिघाड अधिक महाग पडला असता, म्हणून त्याने हात वर केले. आणि गोव्याची बाजू? १८ डिसेंबर रोजी सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार मागणारा ठराव मांडणाऱ्या चार राष्ट्रांत ब्रिटनही होता. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून तो फेटाळला गेला. मित्रासाठी बंदूक उचलायची नाही, पण मित्राच्या वसाहतीच्या बाजूने हात मात्र उंचवायचा, अशी ती भूमिका होती.

(२३/२६)
१९७३ साली तहाला सहाशे वर्षे झाली. उत्सवासाठी पोर्तुगालचे पंतप्रधान मार्सेलो कायतानो जुलैत लंडनला येणार होते. त्याच्या काही दिवस आधी, १० जुलै रोजी, लंडनच्या ‘टाइम्स’ने मोझांबिकमधील विरियामू गावाची कहाणी छापली. डिसेंबर १९७२ मध्ये पोर्तुगीज सैन्याने तेथे स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली होती. ती उजेडात आणली एड्रियन हेस्टिंग्ज या कॅथलिक धर्मगुरूने. विरोधी पक्षाने भेट रद्द करण्याची मागणी केली, रस्त्यांवर निदर्शने झाली. सरकारने पाहुण्यांचे स्वागत केलेच. वर्षाच्या आत, २५ एप्रिल १९७४ रोजी, कायतानोची राजवट कोसळली. ती पाडली पोर्तुगालच्याच सैनिकांनी. ‘जुन्या मित्रा’चा त्यात काही वाटा नव्हता.

(२४/२६)
आता प्रतिपक्षाचे सर्वांत भक्कम म्हणणे. अल्जुबारोता खरे, १८०८ चे युद्ध खरे. १९१६ साली ब्रिटनच्या विनंतीवरून जर्मन जहाजे ताब्यात घेऊन पोर्तुगालने जर्मनीचे युद्ध ओढवून घेतले, हेही खरे. साडेसहाशे वर्षांत इतर शेजारी राष्ट्रे एकमेकांचे गळे घोटत होती. ही दोन निदान पुनःपुन्हा एकत्र आली. लवचीकता हा तहाचा दोष कसा? तर तो दोष नाही. सही करणाऱ्या दोघांसाठी तो गुणच आहे. आक्षेप आहे तो या लवचीकतेला निष्ठेचे नाव देऊन तिच्यापुढे उदबत्ती लावण्याला, आणि सही नसलेल्यांचा हिशेब वहीतून फाडून टाकण्याला.

(२५/२६)
म्हणून तरुण अभ्यासकाने ‘शाश्वत’, ‘चिरंतन’, ‘दीर्घकालीन भागीदारी’ हे शब्द वाचले की, चार प्रश्न विचारावेत. नेमके कोणत्या शत्रूविरुद्ध आणि कोणत्या साधनांनी मदत करायची, हे लिहिले आहे काय? वचन मोडले तर काय, याची तरतूद आहे काय? गुप्त कलम आहे काय? आणि ज्यांच्या भूमीवर, श्रमावर वा सागरावर हे सारे उभे आहे, त्यांची सही कोठे आहे? मराठी इतिहासाला हे प्रश्न नवे नाहीत. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तहदेखील कंपनी आणि दुसरा बाजीराव यांच्या कायमच्या मैत्रीचाच होता. सोळा वर्षांत पेशवाई संपली.

(२६/२६)
हे प्रश्न जुन्या कागदांपुरते नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटन आणि युक्रेन यांनी शंभर वर्षांच्या भागीदारीचा करार केला. तो कसा ठरेल, हे त्यातील वर्षांच्या आकड्यावरून कळणार नाही. संकटाच्या दिवशी कोण काय करते, यावरून कळेल. १३७३ च्या तहाचा खरा धडा हाच आहे. तेव्हा पुढच्या वेळी ‘जगातील सर्वांत जुनी अखंड मैत्री’ असा मजकूर कोणी पाठवला, तर त्याला नम्रपणे तीन सन पाठवावेत : १६६३ चे कोचीन, १७३९ ची वसई, १९६१ चा गोवा. आणि विचारावे की, या मैत्रीत मुंबईचा कोळी, मिनास जेराइसचा गुलाम आणि विरियामूचा शेतकरी नेमके कोणाचे मित्र होते?